अलॉय आणि टायर बदलल्यावर इलेक्ट्रिक गाडी कुरकुरायला लागली? तपासणी या क्रमाने करा

इलेक्ट्रिक गाडीला बाहेरची अलॉय (गाडीच्या कंपनीची नसलेली, मिश्रधातूची रिम) बसवल्यानंतर माझ्याकडे ज्या तक्रारी येतात त्या फिरून फिरून त्याच असतात. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते आधी बघा:

– पूर्ण चार्जवर मिळणारी रेंज एकदम कमी झाली.
– ठरावीक वेगाला, बहुतेक वेळा ८० ते ११० च्या दरम्यान, स्टिअरिंग किंवा सीट थरथरते. त्याच्या खाली-वर गाडी शांत.
– स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, किंवा मागे माणसं बसलेली असताना खड्ड्यात, घासल्याचा आवाज येतो.
– हवेच्या दाबाचा दिवा लागतो आणि हवा भरूनही जात नाही.
– टायर वरून नवा दिसतो, पण आतली कड गुळगुळीत झालेली असते.
– चाकांचा घूं-घूं आवाज आधीपेक्षा वाढला.

यातल्या बऱ्याच गाड्या बॅटरीवर नाहीतर मोटरवर संशय घेऊनच येतात. चाकं बदलण्यापूर्वी गाडी ठीक होती आणि नंतर बिघडली एवढं नक्की असेल, तर बॅटरीला तूर्त सोडा. दुसरी गोष्ट: अलॉय घेताना सगळी चर्चा १७ इंची की १८ इंची यावर होते, आणि टायरच्या साइजनंतर छापलेला भाराचा आकडा कोणी वाचत नाही. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बऱ्याचदा दोन-तीनशे किलोंनी जड असते. हलक्या गाडीत जी निवड खपून गेली असती, ती इथे खपत नाही.

हवा, आणि तीही थंड टायरवर

फुकटात होणारी तपासणी हीच, म्हणून पहिली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर गाडीच्या कंपनीने दिलेला दाब लिहिलेला असतो. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी चारही टायर त्याच्याशी ताडून बघा. चालून आलेल्या टायरची हवा तापलेली असते, तेव्हाचं माप फसवं. नुसत्या हवामानातला १० अंशांचा फरकसुद्धा दाब साधारण दीड-दोन पीएसआयने हलवतो.

टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब हा भरायचा दाब नव्हे. तो मर्यादा सांगतो.

नवा टायर एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भाराचा) प्रकारचा असेल तर एक गैरसमज हमखास भेटतो: टायर दणकट आहे, मग हवा थोडी कमी असली तरी चालेल. उलट आहे. साध्या टायरचा छापील भार २.५ बारला (बार हेही हवेच्या दाबाचंच माप) मोजतात, एक्सएलचा २.९ बारला. एक्सएलला साध्या टायरइतकीच हवा दिलीत, तर तो साध्या टायरइतकाच, कधी त्याहून किंचित कमी भार पेलतो. जादा ताकद जादा हवेतून येते. म्हणून साइज किंवा प्रकार बदलला असेल तर दारावरचा आकडा डोळे झाकून वापरू नका. टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यातून तुमच्या वजनाला किती दाब लागतो ते काढून घ्या.

कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबून तापतो, आणि ती उष्णता बॅटरीतूनच येते. रेंजच्या तक्रारींत हवा हे कारण मला इतक्या वेळा सापडलंय की बाकीचं काही ऐकून घेण्यापूर्वी मी गेज लावतो.

दाबाचा दिवा

हवा बरोबर असूनही दिवा जात नसेल तर गाडीत दाब मोजायची कोणती पद्धत आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्या चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधतात. तिथे स्क्रीनवरच्या मेनूतून नवी नोंद करून द्यावी लागते. हवा आधी बरोबर भरायची, मग नोंद करायची. कमी हवेवर नोंद केली तर गाडी तोच दाब योग्य धरून बसते आणि दिवा लागायचा तेव्हा लागत नाही. बाकीच्या गाड्यांत प्रत्येक व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. नव्या रिममध्ये ते हलवलेच नाहीत, किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या गाडीला ३१५ चे बसवले, तर गाडीला चाक दिसणारच नाही. सेन्सर गाडीशी जोडून देणं हे दुकानातल्या यंत्राचं काम, आणि ते अलॉय घेतानाच करून मागायचं.

नट

जिवाशी गाठ असलेली तपासणी ही, म्हणून हवेच्या पाठोपाठ. लागतो तो टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की ‘टक’ म्हणणारा पाना. किती न्यूटन मीटर ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. बऱ्याच गाड्यांत १०० ते १४० च्या घरात, काही जड इलेक्ट्रिक गाड्यांत त्याहून जास्त. हवेवर चालणाऱ्या गनने ठोकलेले नट कधी ढिले असतात, कधी इतके आवळलेले की स्टड (नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा) ताणला जातो. दोन्ही वाईट. नवी रिम बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवा, चाकं थंड होऊ द्या, आणि नट पुन्हा तपासा. नवी रिम आणि हब (गाडीचा चाक ज्यावर बसतं तो भाग) एकमेकांवर बसताना थोडा ताण सुटतो, तो इथे पकडता येतो.

मग एक नट काढून त्याचं टोक बघा. कुठे ते शंकूसारखं निमुळतं असतं, कुठे गोलाकार, कुठे सपाट वॉशरचं. रिममधल्या खाचेचा आकार तोच हवा. शंकूचा नट गोल खाचेत बसवला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. रेंच ‘टक’ म्हणतो, आकडा बरोबर येतो, आणि तरीही नट सुटू शकतो. कंपनीच्या रिमचे जुने नट बाहेरच्या रिमला तसेच वापरलेले दिसले की मी बाकीची तपासणी थांबवून आधी नट बदलायला लावतो.

याच वेळी पीसीडी, म्हणजे स्टड किती आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास किती मिलिमीटर, विचारून घ्या. ५×११२ आणि ५×११४.३ यांच्यात फरक २.३ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक स्टड जागेपासून मिलिमीटरहून थोडा जास्त सरकलेला. ओढूनताणून चाक बसतंसुद्धा. अशी गाडी त्या चाकांवर अजिबात चालवायची नाही.

टायरवरचे आकडे

कागद-पेन घ्या. टायरची एकूण उंची काढायची तर रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात बाजूची उंची दोनदा मिळवायची. साइजमधला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, बाजूची उंची म्हणजे त्या रुंदीच्या दुसऱ्या आकड्याइतके टक्के, आणि आर नंतर रिमचे इंच. समजा मूळ टायर २१५/५५ आर१७, भार ९४. उंची साधारण ६६८ मिलिमीटर. १८ इंची रिमवर जाताना दुकानात सहसा हे दोन पर्याय पुढे येतात:

२२५/४५ आर१८: उंची ६६० मिलिमीटर, मूळपेक्षा १.३ टक्के कमी.
२२५/५० आर१८: उंची ६८२ मिलिमीटर, मूळपेक्षा २.१ टक्के जास्त.

उंचीतला फरक ३ टक्क्यांच्या आत असला की चालतं, असं सर्रास सांगितलं जातं. त्या हिशेबाने दोन्ही पास, आणि पहिला जास्त चांगला. स्पीडोमीटरही सुरक्षित बाजूला राहतो. आता भार बघा. निर्देशांक ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो. साध्या २२५/४५ आर१८ वर मात्र ९१ छापलेला असतो, म्हणजे ६१५ किलो. दारावरच्या किंवा चॅसिसवरच्या पट्टीवर मागच्या अ‍ॅक्सलचा कमाल भार १,२५० किलो लिहिला असेल तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ६२५ आले. रुंद, दिसायला भारदस्त टायर घेऊन ताकद कमी झाली, आणि एकटा ड्रायव्हर गाडी फिरवत असेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मागे तिघं आणि डिकीत सामान आल्यावर टायर तापतो, खांद्यावर झिजतो, खड्ड्यात बाजू फुगते.

त्याच साइजमध्ये एक्सएल घेतला तर निर्देशांक ९५ मिळतो, ६९० किलो, अर्थात वर सांगितलेल्या जादा हवेवर. जड इलेक्ट्रिक गाड्यांसाठी एक्सएलच्याही वरचा एचएल प्रकार अलीकडे आला आहे. मूळ टायरवर ती अक्षरं असतील तर बदली टायरवरही हवीत. नियम सोपा ठेवा: नवा भार निर्देशांक मूळपेक्षा कमी नको, आणि वेगाचं अक्षरही मूळच्या खाली नको. एच २१० पर्यंत, व्ही २४० पर्यंत. आपण त्या वेगाने जातच नाही हे खरं, पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं.

रिमलाही भारमर्यादा असते. चांगल्या रिमच्या मागच्या बाजूला ती किलोत ओतलेली किंवा कोरलेली सापडते. कुठेच काही लिहिलेलं नाही अशी रिम जड गाडीला मी बसवून देत नाही, मग ती कितीही सुंदर असो.

रेंज खरंच घटली का, आणि किती

आधी किलोमीटर तपासा. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो आणि मूळ टायरच्या घेराने गुणतो. चाक २.१ टक्के मोठं झालं की खरे ३०० किलोमीटर गेल्यावर तो २९४ दाखवणार. रेंज ‘घटली’ त्यातले ६ किलोमीटर इथे हरवले. उलट लहान व्यासाचा टायर लावला की ओडोमीटर जास्त दाखवतो आणि मालक खूश होतो. ‘नव्या टायरने रेंज वाढली’ असं कोणी सांगितलं की मी टायरची उंची विचारतो.

जुन्या आणि नव्या टायरची तुलना करतानाही हेच. ८ मिलिमीटरची नक्षी २ पर्यंत झिजते तेव्हा टायरची उंची १२ मिलिमीटरने उतरते, ६६८ च्या चाकात १.८ टक्के. शिवाय झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो, कारण दबून सुटायला रबरच कमी उरलेलं असतं. त्यामुळे साइज तोच ठेवून नवे टायर टाकले तरी सुरुवातीला रेंज थोडी खाली येते. तो बिघाड नाही.

एवढं वजा केल्यावर उरतो तो खरा खर्च, आणि त्यात मोठा वाटा टायरच्या रबराचा व रचनेचा. रिमच्या इंचांचा त्याहून कमी. हिशेब करून दाखवतो. टायरचा फिरण्याला विरोध दर टनामागे किलोमध्ये मोजतात. गाडी १,८०० किलोची धरा. मूळ टायर ७ चा असेल आणि नवा १० चा, तर रस्त्यावर सतत ५३ न्यूटनचा जादा अडथळा. १०० किलोमीटरला जवळपास दीड युनिट वीज. गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट खात असेल तर एका टायरच्या निवडीने दहा टक्के गेले. युरोपीय टायर लेबलवर ६.५ पर्यंतच्या टायरला ए वर्ग मिळतो, आणि १० हा आकडा डी मध्ये पडतो. म्हणजे मी काही टोकाची उदाहरणं जोडलेली नाहीत. गाडीसोबत आलेले टायर बहुधा कमी विरोधाचे निवडलेले असतात, आणि अलॉयसोबत ‘ऑफर’मध्ये मिळणारे कसे असतील ते सांगता येत नाही. लेबल मिळत असेल तर ते वाचा. ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वर्ग त्याच लेबलवर असतो, तोही बघा. रेंजसाठी पकड सोडण्यात शहाणपण नाही.

रिमच्या वजनाचा बाऊ मात्र जरा जास्त होतो. एकसारख्या वेगात वजन फारसं खर्चात येत नाही, आणि थांबत-थांबत चालताना घातलेल्या ऊर्जेतली काही रीजन ब्रेकिंग (वेग कमी करताना मोटरने वीज बनवून बॅटरीत भरणं) परत आणतं. जड चाकाचा त्रास जास्त जाणवतो तो खड्ड्यांत आणि सस्पेन्शनला. हायवेवर वेगाने जाणाऱ्यांनी रिमचा चेहरा बघावा. मूळ चाकं बंद, सपाट झाकणाची असतील आणि नवी मोठ्या उघड्या आऱ्यांची, तर हवा घुसळण्यात ऊर्जा जाते, आणि वेग वाढेल तसं ते झपाट्याने वाढतं.

घासणं

इथून पुढे गाडी उचलावी लागते. इलेक्ट्रिक गाडीत जॅक फक्त कंपनीने दाखवलेल्या जागीच लावायचा. तळाला बॅटरीचा खोका पसरलेला असतो. त्याच्या पत्र्यावर जॅक टेकला तर होणारं नुकसान अलॉयच्या किमतीत बसत नाही.

रिमचा ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारा तिचा भाग रुंदीच्या मधल्या रेषेपासून किती बाहेर आहे ते माप, मागच्या बाजूला ईटी या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये असतो. समजा मूळ रिम ७ जे (७ इंच रुंद), ईटी ५०, आणि नवी ८ जे, ईटी ४०. एक इंच जादा रुंदीतली अर्धी, म्हणजे १२.७ मिलिमीटर, बाहेर गेली आणि ऑफसेट कमी झाल्याने आणखी १०. रिमची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आत फक्त २.७ सरकली. घासणार ते मडगार्डच्या कडेला. ईटी ५० च ठेवला असता तर आतही १२.७ मिलिमीटर गेले असते आणि तिथे शॉकॲब्सॉर्बर, ब्रेकची नळी, सेन्सरची वायर आहे. बाहेरचं घासणं ऐकू येतं. आतलं घासणं वायर तुटल्यावर कळतं, म्हणून टॉर्चच्या उजेडात आतली बाजू नक्की बघा.

खरी जागा शोधायला टायरच्या दोन्ही खांद्यांवर खडू फासा, मागे पूर्ण माणसं बसवा, मोकळ्या जागेत दोन्हीकडे पूर्ण वळण घ्या, एखाद्या गतिरोधकावरून सावकाश जा. खडू जिथे पुसला तिथे उत्तर आहे. मघाच्या २२५/५० आर१८ ने भार पेलला होता (९५ चा येतो), पण तो इथे बऱ्याचदा नापास होतो. त्रिज्येत ७ मिलिमीटर आणि प्रत्येक बाजूला ५ वाढलेले असतात. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक कापून जागा करू नका, त्याच्यामागे वायरिंग असू शकतं. स्पेसर लावून आतली अडचण बाहेर ढकलणंही मला पसंत नाही. स्टडवर नटाचे आटे कमी पकडतात आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. योग्य ईटीची रिम घेणं शेवटी स्वस्त पडतं.

ब्रेक कॅलिपर आणि रिम यांच्यातली फट चाक हाताने पूर्ण फिरवून बघा. तोल साधायला रिमवर चिकटवलेली वजनंही तिथे अडकतात.

थरथर

चाक काढलंच आहे तर हबचा चेहरा बघा. गंजाचा पापुद्रा रिमच्या मागे दबला की चाक तिरकं बसतं, कितीही बॅलन्सिंग केलं तरी. तारेच्या ब्रशने साफ करा. मग मधलं भोक. बाहेरच्या बऱ्याच रिमचं भोक ७३.१ मिलिमीटरचं असतं, म्हणजे अनेक गाड्यांना चालावं. तुमचा हब ६७.१ चा असेल तर मध्ये ७३.१ ते ६७.१ ची रिंग हवी. ती नसली की चाक केंद्रावर येण्याचं काम एकट्या नटांवर पडतं आणि चाक केसभर एका बाजूला राहतं. ही रिंग अगदी स्वस्त असते आणि थरथरीच्या किती तक्रारी तिच्यावर मिटतात याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतर बॅलन्सिंग. १०० च्या वेगाला असं चाक सेकंदाला साधारण १३ वेळा फिरतं. रिमच्या कडेला २० ग्रॅमचा तोल चुकला तर प्रत्येक फेऱ्यात साधारण ३ किलोच्या वजनाइतका हिसका बसतो. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं आधी, सीटमध्ये असेल तर मागची. यंत्रावर चाक फिरत असताना रिमची कड लपलपते का ते तिथेच उभं राहून बघा. वाकलेल्या रिमला वजनं चिकटवून उपयोग नाही.

आवाज दाबण्यासाठी काही टायरच्या आत फोमचा थर असतो. मूळ टायर तसे होते आणि नवे नाहीत, तर घूं-घूं वाढणारच. इंजिन नसल्याने टायरचा आवाज झाकायला काही नसतं. फोमवाल्या टायरचं पंक्चर काढताना तेवढा फोम काढावा लागतो, हे माहीत असलेल्याकडेच टायर द्या.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर चाकांचा पिच्छा सोडा आणि डिस्क बघा. रीजनमुळे इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज धरतो.

आतली कड झिजणं

शेवटचं आणि सगळ्यात खर्चिक. गाडी एका बाजूला ओढतेय, गाडी सरळ जात असताना स्टिअरिंगवरचा लोगो वाकडा दिसतोय, किंवा आतली कड झिजतेय, तर चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि आधी-नंतरचे आकडे छापून मागा. टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) थोडा जरी बिघडला तरी टायर प्रत्येक मीटरला किंचित आडवा घासला जातो, आणि जड गाडीत ते काम लवकर दिसतं. आधी हवा आणि नट बघितले नसतील तर अलाइनमेंटचे पैसे वाया जाऊ शकतात.

इथे हात थांबवा

रिमला तडा. टायरच्या बाजूला फुगवटा. पुन्हा आवळूनही ढिला होणारा नट, फिरलेले आटे, वाकलेला स्टड. अशा गाडीला चालवत दुकानात नेऊ नका, उचलून न्या.

एबीएस किंवा ट्रॅक्शनचा दिवा चाकं बदलल्यापासून लागलेला असेल तर सेन्सरची वायर घासली असण्याची शक्यता आहे. स्कॅनर लावून बघणाऱ्याकडे जा. तळाला काही आपटलं असेल, बॅटरीच्या खोक्याला पोचा असेल, किंवा कुठेही नारंगी केबल उघडी दिसत असेल तर गाडीखाली जाऊ नका. तिथे जीवघेण्या व्होल्टेजचं काम असतं आणि ते प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचंच आहे.

बॅलन्सिंग, रिंग आणि अलाइनमेंट होऊनही थरथर राहिली तर एकदा मूळ चाकं चढवून त्याच रस्त्याने गाडी चालवून बघा. थरथर गेली तर नवी रिम किंवा टायर बदलून मागा. राहिली तर बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट, सस्पेन्शन यांकडे बघावं लागेल, आणि ते वर्कशॉपचं काम. जाताना मूळ आणि नव्या टायरचे साइज, भार निर्देशांक, रिमची रुंदी, ईटी, थंड हवेचे आकडे आणि थरथर कोणत्या वेगाला येते हे एका कागदावर लिहून न्या.